दादाच्या कादंबरीचं पारायण

गोष्टीतला नायक घर सोडून निघतो ना, तेव्हा लेखक त्याच्या आईला एक वाक्य देतो. 'आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं.' झालं, संपलं तिचं काम! पुढच्या पानावर हा पठ्ठ्या थेट अरण्यात. मग शेकडो पानं नुसते राक्षस, दऱ्या, मायावी सरोवरं, बोलणारे पक्षी. तिकडे त्याची आई जेवली का, दाराशी बसून बसून तिची कंबर धरली का, ह्याची कुणाला काही पडलेली नसते. मला ह्या शूर पोरांचा मनापासून राग येतो. माझी मुलगी असली पुस्तकं ढिगाने वाचते आणि वर मलाच समजावते, "अगं आई, नायक आतून बदलतो, तेच तर खरं असतं त्यात." बदलतो म्हणे! बदलू दे की. पण तो बदलत असताना घरी काय चाललेलं असतं ते मी पाहिलंय. पनवेलला, आमच्याच घरात, नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि भित्रा. भित्रा म्हणजे किती? पाल दिसली की खुर्चीवर चढणारा. दुकानदाराने सुटे कमी दिले तर परत मागायला मला पाठवणारा. हायवे ओलांडायचा म्हटलं की ह्याला दरदरून घाम. दोन्ही बाजूंना बघायचा, पाऊल टाकायचा, पुन्हा मागे घ्यायचा. शेवटी कुणीतरी म्हातारी बाई त्याचा दंड धरून त्याला पलीकडे न्यायची. पण वाचायला बसला की राजा! तळ्याकाठच्या वाचनालयातून तो पुस्तकं आणायचा, आणि त्यातली एक जाडजूड कादंबरी तर तो फिरून फिरून आणायचा. वाचनालयाच्या काकांनी शेवटी तिच्यावर शिक्का मारणंच सोडून दिलं होतं.

त्या कादंबरीतल्या एका गावाला शाप लागलेला असतो. गावात कुठेच विस्तव पेटत नाही. चुली थंड, दिवे थंड. सात डोंगरांपलीकडे निळा विस्तव आहे, तो कुणीतरी आणला तरच गाव जगणार. मोठमोठे पैलवान माघार घेतात आणि निघतो कोण, तर एका नावाड्याचा घाबरट पोरगा. प्रत्येक डोंगर त्याच्याकडे काहीतरी मागतो. ते दिल्याशिवाय वाट सुटत नाही. एकेक देत देत तो पुढे जातो आणि पार वेगळाच होऊन जातो. एवढीच गोष्ट. दादाला ती तोंडपाठ होती.

आणि ती तो आईला ऐकवायचा. स्वयंपाकघरात पाटावर बसून, हातवारे करून. आई आपली तांदूळ निवडतेय, बोंबलांची डोकी काढतेय, फोडणीला लसूण ठेचतेय. मधूनमधून "हूं" म्हणायची. तो जरा थांबला की "मग?" म्हणायची. मला वाटायचं, हिचं लक्ष कसलं, ही आपली पोराचं मन राखतेय.

बाबा एसटीत कंट्रोलर होते, पनवेल स्टँडवर. गाड्या लावायच्या, कंडक्टरांच्या नोंदी करायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. "अलिबागला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर उभी आहे." घरीसुद्धा ते त्याच आवाजात बोलायचे. जेवायला या म्हणाले तरी गाडी सुटतेय असं वाटायचं. माणूस वाईट नव्हता, पण पोरगा बारावीला दोनदा आपटला तेव्हा त्यांचा धीर सुटला. कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी त्याला कळंबोलीच्या लोखंड बाजारात चिकटवलं. तिथे वजनकाट्यावर ट्रक यायचे. रिकामा ट्रक किती, भरलेला किती, ह्याच्या पावत्या फाडायच्या. दादा जायचा मुकाट. पण डब्याच्या पिशवीत ती कादंबरी असायचीच.

एका रविवारी जेवताना बाबांचा पारा चढला. काट्यावरच्या मालकाने त्यांना सांगितलं होतं की तुमचा मुलगा ट्रक उभे करून पुस्तक वाचत बसतो. बाबा म्हणाले, "पुस्तकात सात डोंगर चढतोय! आणि हायवे ओलांडायला ह्याला म्हातारीचा हात लागतो!"

"जेवू दे हो त्याला," आई म्हणाली.

दादाने दहीभात संपवला, ताट उचललं, हात धुतले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला आणि आला नाही. काट्यावर चौकशी केली तर कळलं, दुपारी एका मालवाहू ट्रकच्या क्लीनरच्या जागेवर चढून बसला आणि गेला. कुठे जाणारा ट्रक, ते कुणाला नक्की सांगता येईना. ज्याला हायवे ओलांडता येत नव्हता तो हायवेवरूनच निघून गेला होता.

बाबा चौकीवर जाऊन आले. तिथल्या हवालदाराने वीस वर्षांचा घोडा म्हटल्यावर हात वर केले. "पैसे संपले की येईल साहेब, सगळे येतात." आम्ही वाट बघितली. आठवडा गेला, महिना गेला. बाबा ड्युटी संपली तरी स्टँडवरच थांबायला लागले. आई दाराची कडी लावेना. मी कॉलेजला जायचे आणि तासाला डोळ्यांसमोर काही दिसायचं नाही. काय करायचं असतं अशा वेळी? कुणाला काही ठाऊक नसतं. जो तो एक उपाय सांगून आपल्या घरी जातो.

शेजारच्या काकूंनी पोथी सांगितली. हरवलेलं माणूस परत येतं म्हणे, श्रद्धेने पारायण करा. आई हो म्हणाली. पोथी ठेवायला जागा करावी म्हणून तिने दादाची गादी उचलली, तर खाली ती कादंबरी. त्या दिवशी डब्याच्या पिशवीत त्याने ती नेलीच नव्हती. आत वजनकाट्याची एक पावती, खूण म्हणून घातलेली. चौथ्या डोंगराच्या मध्यावर.

आई किती तरी वेळ ती पावती बघत उभी होती. मग म्हणाली, "अर्धवट टाकून गेला गं."

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे पोथीचा नियम असा, की एकदा हातात घेतली की मध्ये सोडायची नाही. सोडली तर वाचणारा अडकतो, त्याची कामं अडकतात. आणि वाचणाऱ्याला जमलं नाही तर घरातल्या दुसऱ्याने ती पहिल्यापासून वाचून पुरी करायची, म्हणजे तो सुटतो. आईने तो नियम उचलला आणि थेट कादंबरीला लावला.

"अगं ही पोथी नाहीये," मी म्हटलं. "वाचनालयाचं पुस्तक आहे. राक्षस आहेत त्यात."

"पोथीत नसतात का राक्षस?" आई म्हणाली. "ह्या काकूंच्या देवाला माझा पोरगा कुठे माहितीये? हे पुस्तक तरी त्याच्या उशाला होतं. तो इथे अडकलाय. पुरं झालं की येईल. तू वाचायचंस."

मी म्हटलं, आई, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत. झालं! चौरंग आला, त्यावर लाल कापड आलं, सुपारी मांडली, निरांजन लावलं, आणि वाचनालयाच्या त्या कादंबरीला हळदकुंकू वाहिलं. रोज दिवेलागणीला एक अध्याय. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, अध्याय तोडायचा नाही. आईची शाळा तिसरीत सुटलेली, जोडाक्षर आलं की ती अडखळायची, म्हणून वाचणारी मी. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसायचे. "वेड लागलंय हिला," असं एकदाच म्हणाले. पण अध्याय संपेपर्यंत त्यांच्या पेपरचं पान उलटायचं नाही.

ऐकताना बोलायचं नाही हा नियम आईने स्वतःला लावलाच नव्हता. पहिल्या डोंगराने त्या पोराची भीती मागून घेतली, तेव्हा ती म्हणाली, "ते बरं केलं. देऊन टाक बाबा." दुसऱ्या डोंगराने त्याची झोप मागितली. "आता डोळे जळणार त्याचे," आई म्हणाली. तिसऱ्याने आवाज मागितला आणि त्याने तोही दिला, तेव्हा ती चिडलीच. "आवाज कशाला दिला? आता हाक कशी मारणार हा मूर्ख?" मला हसू यायचं.

मध्येच एक दिवस वाचनालयाचे काका दारात. पुस्तक परत करायची मुदत कधीच उलटून गेली होती, आणि इतका जुना वाचक दिसेना म्हणून ते स्वतः चौकशीला आले होते. आत बघतात तर त्यांचं पुस्तक चौरंगावर! "अहो वहिनी," ते कळवळून म्हणाले, "कुंकू कशाला लावलंत कव्हरला? डाग जात नाही हो तो!" पण अध्याय चालू होता. आईने नुसता हात केला, बसा. पोथी चालू असताना आलेल्या माणसाने उठून जायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं. बसले बिचारे चपला काढून. संपल्यावर आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि पुरं झालं की पुस्तक मिळेल म्हणून सांगितलं. साखर तोंडात टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेवट वाचलायस का तू?" त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. ते चपला घालून निघून गेले.

मग माझी अडचण आली. आई म्हणाली, "चार दिवस पुस्तकाला शिवायचं नाहीस."

मी उखडले. "आई, राक्षसाच्या पुस्तकाला कसला आलाय विटाळ! रोज कोण कोण हाताळतं वाचनालयात, त्यांना विचारायला जातेस का?"

"तिथे ते पुस्तक आहे. इथे पोथी आहे," ती म्हणाली. आणि बाहेर बघून म्हणाली, "अहो, आजपासून चार दिवस तुम्ही वाचा."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. बाबांनी पेपर खाली ठेवला. उठले, हातपाय धुतले, आणि चौरंगासमोर मांडी घालून बसले. ज्या पुस्तकावरून पोराला घालूनपाडून बोलले होते तेच पुस्तक उघडलं. आणि वाचायला लागले, त्यांच्या त्या माइकच्या आवाजात. "तो चौथ्या डोंगराच्या. पायथ्याशी. येऊन पोहोचला." वाटावं, आता फलाट क्रमांक सांगतील. मी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, मला फिसकन हसू आलं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. कित्येक दिवसांनी हसत होतो आम्ही. वाचता वाचता ते त्या पावतीपाशी आले. त्यांनी ती उचलली. तिच्यावर दादाचं अक्षर होतं, ट्रकचं वजन लिहिलेलं. बाबांचा आवाज बंद झाला. आई म्हणाली, "अध्याय तोडायचा नाही." मग त्यांनी पावती चौरंगावर ठेवली आणि पुढे वाचलं. पण आता आवाज माइकचा नव्हता. शेवटची पानं तर मला ऐकूसुद्धा आली नाहीत.

त्याच आठवड्यात मी कॉलेजहून येताना स्टँडवर उतरले आणि बाबांचा पुकारा ऐकला. स्टँडवर लहान मुलं हरवतात, तेव्हा असा पुकारा करतात, सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. "एक मुलगा हरवला आहे. अंगात निळा शर्ट आहे. जिथे असेल तिथून त्याने कंट्रोलरच्या केबिनपाशी यावे. त्याचे वडील त्याची वाट पाहत आहेत." मी सहज ऐकत पुढे निघाले होते. मग बाबांनी वय सांगितलं. वीस वर्षं. माझे पाय जागच्या जागी थांबले. आजूबाजूची माणसं एकमेकांकडे बघत होती, वीस वर्षांचा कसा हरवतो म्हणून. कुणीतरी हसलंही. मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. केबिनच्या काचेतून बाबा दिसत होते. माइक बंद करून ते बाहेरच्या गर्दीकडे बघत होते, जणू खरंच कुणीतरी येणार आहे. मी त्यांना भेटले नाही. तशीच घरी गेले आणि आईलाही सांगितलं नाही.

पुढे आई म्हणायला लागली की ट्रकवाल्यांना विचारू. मी तिला घेऊन कळंबोलीला गेले. तिथे ट्रकच ट्रक, ऑइलचा चिखल, लोखंडाचा ठणठणाट. आम्ही दोघी पदर-ओढणी सावरत एकेका केबिनकडे मान वर करून विचारतोय, "हा मुलगा पाहिला का हो?" हातात त्याचा बारावीच्या हॉलतिकिटासाठी काढलेला फोटो. कुणी मान हलवायचं, कुणी उत्तरही द्यायचं नाही. आई ड्रायव्हरांना 'अहो दादा' म्हणायची. पोराच्या वयाच्या पोरांना! शेवटी तिथल्याच जवळच्या गावातला एक ड्रायव्हर चहा पिता पिता थांबला आणि फोटो हातात घेऊन बघायला लागला.

"मावशी, हा काट्यावर बसायचा तोच ना? दिसला व्हता मना. इंदूरच्या अलीकडं, धाब्यावर. दाढी वाढवलीय. पर तोच हाय."

आईने माझं मनगट धरलं. "बोलला का?"

"आमी हाक मारली. पहिला बघलाच नाय. मंग जवल जाऊन बोललो, अरं तू पनवेलचा ना? तर बोलला, मी नाय तो." ड्रायव्हरने फोटो परत दिला. त्याला पुढचं सांगू का नको असं झालं होतं. "पर मावशी, बरा हाय हां तो. आंगानं भरलाय. धाब्यावर दोन जनांची मारामारी लागली, तर हाच मधी घुसला आनि दोघांना बाजूला केलान. कुनाला भीत नाय आता."

परत येताना आई एसटीत खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "भीत नाही म्हणाला ना तो?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "कुणालाच भीत नाही म्हणाला ना?" तिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दोन्ही एकदम. ज्या पोराने कधी सुटे पैसे परत मागितले नाहीत तो मारामारी सोडवत होता, आणि आम्हाला ते बघायला मिळत नव्हतं. आणि पनवेलचा तू का विचारलं तर नाही म्हणत होता.

त्या संध्याकाळचा अध्याय सहाव्या डोंगराचा निघाला. डोंगराने त्या पोराचं नाव मागितलं. 'आजपासून तुला कुणी हाक मारली तर तू वळून पाहणार नाहीस.' मी वाचत होते आणि मला लेखकाची मानगूट धरावीशी वाटत होती. आईने निरांजनातली वात नुसती पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेलेली बघून मी चौरंगावरचं पुस्तक घेतलं आणि शेवट काढून वाचला. वाचनालयाच्या काकांनी तसं का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. सातवा डोंगर घराची आठवण मागतो. कारण ज्याला घर आठवतं त्याचा हात थरथरतो आणि थरथरत्या हातात निळा विस्तव राहत नाही. पोरगा तीही देतो. विस्तव ओंजळीत येतो, हात स्थिर असतो, पण आता तो कुठे न्यायचा हेच त्याला ठाऊक नसतं. तो तिथेच बसून राहतो, विस्तवाचा राखणदार होऊन. एक कबुतर त्यातली ठिणगी चोचीत धरून गावात आणतं. सगळ्या चुली पेटतात. 'त्याच्या आईचीही चूल पेटली.' संपली कादंबरी. सुरुवातीला एक वाक्य, शेवटी एक वाक्य! मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

आता मी काय वाचणार होते? आईने सगळा जीव त्या शेवटाला टांगून ठेवला होता. मी वेळ काढायला लागले. घसा बसलाय म्हटलं, परीक्षा आहे म्हटलं, एका अध्यायाचे दोन केले. आईने ते ओळखलं. "रखडवू नकोस," ती म्हणाली. "सोमवारी समाप्ती करायची." पोथी होती ना ती, समाप्ती रीतसर व्हायला हवी होती. तिने पुरण घातलं, कटाची आमटी केली, दादाला आवडते म्हणून वालाची उसळ केली. काकूंना बोलावलं, वाचनालयाच्या काकांना बोलावलं. आणि चौरंगाच्या बाजूला एक ताट जास्तीचं मांडलं. त्या ताटाकडे बघायचा मला धीर झाला नाही.

बाबाही आत येऊन बसले. मी सातवा डोंगर वाचला. डोंगराने आठवण मागितली. पान उलटलं आणि पुढची ओळ मला दिसत होती, पण तोंडातून ती निघेना. आणि मग माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडायला लागलं. पोरगा म्हणाला, एवढं सोडून काय हवं ते माग. डोंगर हरला. पोरगा विस्तव घेऊन उतरला. हात थरथरत होता, तळवे भाजत होते, पण त्याने तो सोडला नाही. दिवेलागणीला तो वेशीतून आत आला. दाढी वाढलेली, अंगाने भरलेला. कुणी ओळखलं नाही. आईने ओळखलं. मी पानावर बोट फिरवत होते आणि पानावर ह्यातलं एक अक्षर नव्हतं. वाचनालयाचे काका मान खाली घालून बसले होते. त्यांनी ती कादंबरी किती वेळा वाचली असेल, देव जाणे. पण त्यांनी मान वर केली नाही. बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला होता. "इति," मी म्हटलं आणि पुस्तक मिटलं. आईने त्यावर फूल वाहिलं, नमस्कार केला.

सगळे जेवून गेले. काका पुस्तक घेऊन गेले, कव्हरवरच्या कुंकवाबद्दल अवाक्षर न काढता. मांडलेलं ते ताट तसंच होतं. स्वयंपाकघरात भांडी आवरताना आई पाठमोरीच म्हणाली, "पुस्तकात असं नाहीये ना?"

"काय नाहीये?"

"तो येत नाही. तिथेच बसून राहतो. ते कबुतर ठिणगी आणतं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तोच सांगायचा ना! इथे, ह्या पाटावर बसून. किती वेळा सांगितला असेल. दर वेळी मी म्हणायचे, असला कसला रे मेल्या शेवट, आण की त्याला घरी. तर हसायचा. म्हणायचा, आई, घरी आला तर मग तो शूर कसला?"

"मग मला का वाचायला बसवलंस?" मी ओरडलेच. रडतही होते. "माहीत होतं तर का बसवलंस?"

आई वळली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. "म्हटलं, दुसऱ्याने वाचलं तर वेगळं निघतं का बघू."

बाबा रिटायर होईपर्यंत त्याच स्टँडवर होते. ट्रकवाल्यांकडून कधी नागपूर कानावर यायचं, कधी रायपूर. मग तेही बंद झालं. तो आला नाही. आईने पुन्हा कधी चौरंग मांडला नाही, नवस बोलली नाही. पण तांदूळ निवडायला बसली की म्हणायची, "तो तुझा शेवट सांग गं." मी सांगायचे. वेशीतून आला. दाढी वाढलेली. आईने ओळखलं.

"मग?"

"मग आई म्हणाली, हातपाय धू आधी."

"मग?"

"मग जेवायला बसला. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, वालाची उसळ होती."

"पोटभर जेवला?"

"जेवला की."

ती तांदळातला खडा काढून बाजूला टाकायची आणि पुन्हा म्हणायची, "मग?"